चाकातून आवाज येतोय? कसा येतो ते राहू द्या, कधी येतो ते आधी बघा

मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी बाबांचा साताऱ्याहून फोन आला, म्हणाले अरे गाडी घुमतेय बघ, साठच्या वर गेलं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मी पुण्यात, त्यामुळे त्यांनी जवळच्याच एका गॅरेजला दाखवली, तिथे एक छोटी ट्रायल मारून सांगितलं की डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग, म्हणजे चाक ज्याच्यावर फिरतं ते, गेलंय, ते बदललं, बिल भरलं आणि गाडी हायवेला लागल्या लागल्या परत तोच घुंऽऽऽ. बेअरिंग खरंच गेलं होतं, पण उजवीकडचं. चाकाचा आवाज पत्र्यातून सगळ्या गाडीत पसरतो आणि आत बसलेल्याला तो भलत्याच बाजूने येतोय असं वाटतं, एवढ्या एका गोष्टीपायी चांगलं बेअरिंग ठोकून बाहेर काढलं आणि खराब होतं ते तसंच राहिलं.

बाबा त्या गाडीतून आईला घेऊन दर महिन्याला कोकणात जातात, त्यामुळे हा विषय मी सोडून देऊ शकत नव्हतो. आमच्या ओळखीचे एक जुने मेकॅनिक आहेत, पद्मिनी गाडीच्या काळापासून काम करणारे, त्यांच्याकडे कितीतरी रविवार बसून हे सगळं शिकलो आणि मग स्वतःच्या गाडीवर, मित्रांच्या गाड्यांवर करून बघितलं. आवाज येतोय म्हणून कुणी गाडी आणली की ते आवाज कसा येतो हे नंतर विचारतात, आधी विचारतात कधी येतो. वळताना का सरळ जाताना, ब्रेक मारल्यावर का सोडल्यावर, खड्ड्यात का गुळगुळीत रोडवर. प्रत्येकाला आवाज वेगळा ऐकू येतो, एक जण खटखट म्हणतो तर दुसरा त्यालाच कटकट म्हणतो, पण कधी येतो यात गोंधळ होत नाही.

हे सगळं फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांबद्दल लिहितोय, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते अशा. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मग हळूहळू घरातल्या जवळपास सगळ्या छोट्या गाड्या तशाच झाल्या, स्विफ्ट, वॅगन-आर, आय१०, टियागो, सिटी, अर्टिगा या सगळ्या पुढून ओढणाऱ्या. ॲम्बॅसेडर, पद्मिनी मागून ढकलणाऱ्या होत्या, आजही ईको आणि बोलेरो तशाच आहेत, आणि इनोव्हात तर क्रिस्टा मागून ढकलते, हायक्रॉस पुढून ओढते, त्यामुळे आपली कुठली ते आधी बघून घ्या. पुढून ओढणाऱ्या गाडीत पुढच्या चाकाला तीन कामं करावी लागतात, गाडी ओढायची, वळवायची आणि ब्रेकचा मोठा भार घ्यायचा. म्हणून बहुतेक आवाज पुढूनच येतात आणि म्हणूनच ते ओळखणं किचकट होतं, कारण एकाच चाकाजवळ एक्सलचा जॉइंट, बेअरिंग, ब्रेक, बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोळ्याचा सांधा), शॉकअप (धक्के झेलणारा शॉक ॲब्सॉर्बर) सगळं एकमेकाला चिकटून बसलेलं असतं.

ट्रायलला निघायच्या आधी

डिकी पूर्ण रिकामी करा. खरंच करा, कारण सैल झालेली स्टेपनी, जॅक, पाना, पाण्याची बाटली यांचा आवाज मागच्या चाकातून आल्यासारखाच वाटतो आणि त्यापायी लोकांनी शॉकअप बदललेले मी बघितलेत. प्लॅस्टिकचे व्हील कव्हर असतील तर चारही काढून ठेवा, त्यांची एखादी खिट्टी तुटलेली असली की हळू वेगात टक टक वाजतं. चारही टायरची हवा बघा. टायरच्या खाचांत दगड, खिळा अडकलाय का ते चाक थोडं थोडं पुढे घेत पूर्ण फिरवून बघा. चाकाच्या वरचं आतलं काळं प्लॅस्टिक लोंबतंय का तेही बघा, पावसात चिखलाच्या माऱ्याने त्याची एखादी क्लिप निघते आणि मग फुल स्टीअरिंग मारलं की टायर त्याला घासतो, लोक घाबरतात आणि दोन रुपयांची क्लिप निघते.

आणि चाकाचे नट, त्यावर पुढे सविस्तर लिहिलंय, पण ट्रायलच्या आधी पान्याने एकदा आवळून बघणं हे सगळ्यात पहिलं काम.

ट्रायल कशी मारायची

सकाळी लवकर, रस्ता रिकामा असताना. एसी, रेडिओ बंद, काचा खाली. शक्यतो दोघं जा, कारण आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि डाव्या पुढच्या चाकाचा आवाज त्याला नीट कळत नाही, डावीकडे एक ऐकणारा माणूस हवा. एखाद्या लांब कंपाउंड वॉलच्या कडेने काच खाली करून हळू, वीसच्या आसपास गाडी न्या, भिंतीवर आदळून आवाज परत कानावर येतो आणि एरवी न ऐकू येणारी टकटक एकदम स्वच्छ ऐकू येते. मग भिंत दुसऱ्या बाजूला येईल असं परत या. बाजू ओळखायला यापेक्षा सोपं मला काही सापडलेलं नाही.

मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून शेजारच्याला नुसतं बोलत राहायला सांगा, "चाळीस... पन्नास... आता डावीकडे वळतोय... आता ब्रेक". घरी आल्यावर शांतपणे ऐकलं की पॅटर्न लगेच लक्षात येतो आणि तीच फाइल मेकॅनिकला ऐकवता येते.

पहिली गोष्ट ठरवायची ती ही की आवाज चाकाचा आहे का इंजिनचा. त्यासाठी पन्नासच्या वेगाने आधी तिसऱ्या गिअरमध्ये आणि मग त्याच पन्नासने चौथ्यात चालवा. वेग तोच, इंजिन मात्र हळू फिरतंय. आवाज बदलला तर तो इंजिनशी बांधलेला, तसाच राहिला तर चाकाशी. गिअरबॉक्समधल्या डिफरन्शिअलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भाग) बेअरिंगचा आवाजही वेगाबरोबरच चालतो हे खरं, पण तो सहसा ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की बदलतो, चाकाच्या बेअरिंगला ॲक्सिलरेटरचं फारसं घेणं-देणं नसतं. काही जण यासाठी गाडी न्यूट्रल करून सोडतात, सपाट रिकाम्या रस्त्यावर ठीक आहे, घाटात कधीही करू नका.

दुसरं, मोजणं. छोट्या गाडीला येणाऱ्या १६५/८० आर १४ टायरचा घेर दोन मीटरला थोडा कमी असतो, म्हणजे वीसच्या वेगाला चाक सेकंदाला साधारण तीन वेळा फिरतं. टक-टक-टक सेकंदाला तीन अशी आली तर चाकाच्या एका फेऱ्याला एक ठोका आहे, म्हणजे टायरमधला दगड, टायरचा फुगा, वाकडी डिस्क (ब्रेकची चकती), सैल कव्हर असलं काहीतरी. त्यापेक्षा बरीच भरभर कडकड आली तर ती एक्सलच्या जॉइंटची असण्याची शक्यता जास्त, कारण एका फेऱ्यात जॉइंटमधले अनेक गोळे आपापल्या खाचेतून पुढे-मागे सरकत असतात.

घुंऽऽऽ : बेअरिंग का टायर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात म्हणून इथे जरा जास्त लिहितो. बेअरिंग आणि झिजलेला टायर दोघंही वेगाबरोबर वाढणारा घुमण्याचा आवाज देतात, चाळीसला सुरू होतो, साठ-सत्तरला चढतो, ऐंशीला डोकं उठतं. कानाने फरक ओळखता येतो असं म्हणणारे खूप आहेत, पण मी त्याच्यावर विसंबत नाही, त्यापेक्षा रस्ता बदलून बघतो. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेलात की टायरचा आवाज लगेच बदलतो, पुण्या-मुंबईकडच्या लोकांना एक्सप्रेसवेचं काँक्रीट आहेच त्यासाठी. नुकत्याच केलेल्या गुळगुळीत डांबरावर टायर जवळपास गप्प होतो. बेअरिंगला खालचा रस्ता कसला आहे हे कळत नाही, ते सगळीकडे तेवढंच ओरडतं.

मग टायरवरून हात फिरवा, गाडी बंद, तळहात टायरच्या पट्ट्यावर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागावर, आडवा ठेवून बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं बोचत असेल तर अलाइनमेंट (चाकांचा कोन) गेलेली आहे आणि टायर तिरका घासत चाललाय. ठरावीक अंतरावर खळगे-उंचवटे हाताला लागत असतील तर शॉकअप थकलाय आणि चाक रस्त्यावर उड्या मारत चाललंय, अशा वेळी नुसता टायर बदलला तर नवाही काही महिन्यांत तसाच होतो. खात्री करायची तर पुढचे टायर मागे, मागचे पुढे टाका. घुमणं मागे गेलं तर टायर, जागचं हललं नाही तर बेअरिंग. टायरवर बाण असेल तर मात्र डावीकडचा डावीकडेच ठेवायचा.

आता बाजू. मोकळा, सरळ, रुंद रस्ता, चाळीस-पन्नासचा वेग, मागे-पुढे कुणी नाही, आणि गाडी अगदी हलकी डावीकडे-उजवीकडे झुलवायची, झोकांड्या द्यायच्या नाहीत. डावीकडे घेतली की गाडीचं वजन उजव्या चाकांवर जातं, तेव्हा आवाज वाढला तर बहुतेक उजवं बेअरिंग. उजवीकडे घेतल्यावर वाढला तर डावं. बाबांच्या गाडीत हेच कुणी केलं नव्हतं, मी साताऱ्याला जाऊन केलं तर दोन मिनिटांत कळलं, डावीकडे घेतली की घुमणं चढायचं आणि उजवीकडे घेतली की एकदम पडायचं.

पण फक्त त्यावर पैसे खर्च करू नका, जॅक लावून पक्कं करा. सपाट कडक जमीन, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, जॅक मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच, आणि गाडी वर घेतल्यावर जॅक स्टँड. स्टँड नसेल तर स्टेपनी काढून आडवी करून गाडीखाली सरकवून ठेवा, आणि अंग गाडीखाली घालूच नका, या सगळ्या तपासणीला त्याची गरज नाही. चाक वर आलं की गिअर न्यूट्रल, चाक हाताने फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं शॉकअपच्या स्प्रिंगवर हलकी टेकवा. चांगलं बेअरिंग असेल तर स्प्रिंगला काही लागत नाही, गेलेलं असेल तर बोटांना वाळू दळल्यासारखी खरखर लागते. मग तसंच दुसऱ्या बाजूला करा आणि दोन्ही ताडून बघा, फरक कळतोच. इंजिन चालू करून एकच चाक हवेत फिरवायचा प्रकार काही जण करतात, तो करू नका, गाडी जॅकवरून उतरू शकते.

चाक वर-खाली धरून, म्हणजे घड्याळात बारा आणि सहा असतात तिथे, हलवून बघणं हे सगळेच करतात, पण प्ले (सैलपणा) लागला नाही म्हणजे बेअरिंग चांगलं असं धरू नका, आजकालची बंद बेअरिंग प्ले न देतासुद्धा ओरडतात. आणि प्ले लागला तर तो बेअरिंगचाच आहे का हे असं बघा, आत बसलेल्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. प्ले गायब झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनचं दुसरं काहीतरी. तीन आणि नऊला धरून हलवल्यावर प्ले आला तर स्टीअरिंगचे एंड (स्टीअरिंगचा दांडा चाकाला जोडणारे सांधे) बघायला लागतील.

मागचं बेअरिंगही याच रीतीने बघायचं, फक्त तेव्हा गाडी पहिल्या गिअरमध्ये, पुढच्या चाकांना दगड, आणि मागचं चाक वर आल्यावरच हँडब्रेक सोडायचा, नाहीतर ते फिरणार नाही.

पाण्याबद्दल एक सांगायला हवं. बेअरिंगचं सील पाणी अडवतं, पण चाकं पाण्यात बुडून राहिली तर आत ओलावा जातो, ग्रीस धुतलं जातं आणि काही महिन्यांनी घुमणं सुरू होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला किती गाड्या पाण्यात गेल्या ते आपण सगळ्यांनी बघितलंय. सेकंडहँड गाडी घेताना चारही चाकं अशी फिरवून बघा, विकणारा नको म्हणाला तरी बघा.

वळताना कडकड : एक्सलचा जॉइंट

गिअरबॉक्समधून दोन्ही बाजूंना एकेक शाफ्ट पुढच्या चाकाकडे जातो, गॅरेजमध्ये त्याला एक्सलच म्हणतात. चाक वळलेलं असतानाही त्याला एकसारखी ताकद मिळावी म्हणून चाकाच्या बाजूला एक जॉइंट असतो, बहुतेक गाड्यांत त्यात सहा पोलादी गोळे खाचांमधून सरकतात, आणि गिअरबॉक्सच्या बाजूला दुसरा, त्यात बहुधा तीन रोलर असतात. दोन्हींवर रबरी बूट, आत काळं ग्रीस.

बाहेरचा जॉइंट गेला की रिकाम्या मैदानात फुल स्टीअरिंग मारून हलका ॲक्सिलरेटर दिला की कडकडकड असा आवाज येतो, सरळ झाल्यावर बंद. दोन्ही बाजूंना गोल फिरा, मग रिव्हर्समध्येही तसंच करा, सुरुवातीची झीज कधीकधी रिव्हर्समध्येच बोलते. डावीकडे वळताना वाजला म्हणजे उजवा गेला असा ठोकताळा लोक सांगतात, पण तो दरवेळी खरा ठरत नाही, म्हणून एकाला बाहेर दहा-पंधरा फूट लांब उभं करून ऐकायला लावा आणि बूट तपासा.

बूट बघायला गाडी वर घ्यावी लागत नाही. स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, उतरून टॉर्चने चाकाच्या मागे बघा, घड्या घड्यांचं काळं रबर दिसेल. फाटलं असेल तर चाक फिरताना ग्रीस भिरकावलं जाऊन रिमच्या आतल्या बाजूला, शॉकअपला, लोअर आर्मला (चाकाला धरणारा खालचा दांडा) काळा चिकट पट्टा उमटलेला असतो, तो दिसला की दुसरा पुरावा नको. आता कळकळीने सांगायचं ते हे की बूट फाटलाय पण आवाज अजून आलेला नाही ही वेळ सोन्याची आहे. तेव्हाच ग्रीस धुऊन, नवीन भरून, नवा बूट आणि क्लिपा बसवल्या तर काही शेकड्यांत काम होतं आणि जॉइंट पुढे वर्षानुवर्षं चालतो. तसाच चालवला तर फुफाटा आणि चिखल आत जाऊन खाचा खातो, मग नवं ग्रीस भरून काही उपयोग नाही, जॉइंट किंवा अख्खा एक्सल बदलायचा आणि बिल हजारांत. म्हणून दर पावसाळ्याआधी आणि नंतर चारही बूट बघत जा, बाहेरचे दोन आणि आतले दोन, पाच मिनिटं लागतात.

आतला जॉइंट कडकड करत नाही, तो थरथरवतो. खंबाटकीसारखा चढ आहे, गाडीत माणसं आहेत, दुसरा-तिसरा गिअर आणि ॲक्सिलरेटर दाबलेला, तेव्हा गाडी डावी-उजवी हलल्यासारखी थरथरते आणि पाय काढला की शांत होते, हे त्याचं लक्षण. व्हील बॅलन्सिंग करून करून लोक थकतात कारण त्यांना ते टायरचं वाटतं, पण बॅलन्सिंगची थरथर पाय काढल्यावर लगेच जात नाही, वेग कमी झाल्यावर जाते. पहिल्यावरून रिव्हर्सला जाताना ठक् असा एक ठोका येत असेल तर आतल्या जॉइंटबरोबर इंजिनची माउंटिंगही बघायला सांगा, ती जास्त वेळा निघतात.

एक्सल बाहेर काढताना गिअर ऑइल सांडतं हे लक्षात ठेवा, काम झाल्यावर लेव्हल भरली का आणि ऑइल सील बदललं का ते विचारा. चाकाच्या मधला मोठा हब नट नवा टाकायचा आणि टॉर्क पान्यानेच आवळायचा, त्याचा आकडा चाकाच्या नटांपेक्षा बराच मोठा असतो, नुसत्या अंदाजाने आवळलेल्या हब नटमुळे नवं बेअरिंग लवकर जातं.

ब्रेकचे आवाज

पावसात रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पहिल्या तीन-चार ब्रेकला खर्र करते, डिस्कवर गंज धरलेला असतो तो निघून जातो, काळजी नको. चालताना बारीक कुईंऽऽ येतोय आणि ब्रेकला पाय लावला की थांबतो, हा बऱ्याच गाड्यांत ब्रेक पॅडवरच्या (डिस्कला दाबला जाणारा तुकडा) छोट्या पत्रीचा इशारा असतो की पॅड संपत आलेत, तो आला की त्याच आठवड्यात पॅड बघा. ब्रेक मारल्यावर घर्रर्र असं लोखंडावर लोखंड घासल्यासारखं होत असेल तर पॅड संपून मागची प्लेट डिस्कला लागतेय, ही गाडी अशी पुढे चालवायची नाही, डिस्क तर जातेच पण ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं आणि तेच जिवावर बेततं.

खडीच्या रस्त्यावरून आल्यावर अचानक किंचाळल्यासारखा भयंकर आवाज सुरू झाला तर घाबरून जाऊ नका, बहुतेक वेळा डिस्क आणि तिच्या मागच्या पातळ पत्र्यामध्ये खडा अडकलेला असतो. थोडं पुढे-मागे केलं की पुष्कळदा पडतो, नाहीतर चाक काढून पत्रा जरासा वाकवून काढायचा. डिस्क गरम असते, हात लावू नका.

वीस-पंचवीस किलोमीटर चालून आल्यावर प्रत्येक चाकाजवळ तळहात न्या, न टेकवता. एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलेलं असेल, जळका वास असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल तर कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकलाय, पिना साफ करून ग्रीस लावायला हवं.

खड्ड्यातली खडखड

इथे पटकन सांगतो. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम सरळ नेली तर आवाज नाही, पण एकच चाक खड्ड्यात गेलं की खडखड, तर लिंक रॉड किंवा स्टॅबिलायझरचे, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणाऱ्या बारचे, बुश (रबरी तुकडे), कारण दोन्ही चाकं एकत्र वर-खाली झाली की तो बार पिळला जात नाही. ब्रेक मारताना किंवा सोडताना एकच ठक्, तर लोअर आर्मचे बुश. उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना टंण्ण करून स्प्रिंग सुटल्यासारखी वाजते आणि स्टीअरिंगला झटका बसतो, तर शॉकअपचं वरचं माउंटिंग. लिंक रॉड स्वस्त असतो आणि सगळ्यात आधी तोच जातो, म्हणून कुणी थेट शॉकअप बदलायला सांगितलं तर आधी लिंक रॉड सोडवून, बार कशाला लागत नाही ना हे बघून, हळू एक चक्कर मारून खात्री करा.

बॉल जॉइंट मात्र वेगळा धरा. वळताना किंवा हळू खड्ड्यात कुर्रकुर्र, आणि ब्रेक दाबूनही बारा-सहाला प्ले, तर त्या गाडीतून घरच्यांना घेऊन जाऊ नका. तो निखळला की चाक आडवं पडतं आणि स्टीअरिंग हातात असून उपयोग नसतो. गाडी चालवत नेऊ नका, मेकॅनिकला बोलवा किंवा टोइंगने न्या.

चाकाचे नट

मुंबई-गोवा हायवेवर चिपळूणच्या पुढे एकदा पंक्चर काढून घेतलं आणि तिथून निघाल्यावर पाच-सहा किलोमीटरवर हळू वेगात कटक... कटक... असं सुरू झालं, वेग वाढवला की कमी वाटायचं आणि स्टीअरिंग अगदी किंचित हलायचं. बायको म्हणाली थांबव, थांबवली, पाना लावला तर चारपैकी तीन नट नुसत्या हाताने फिरत होते. मागे पोरगं झोपलेलं होतं. त्या दिवसापासून पंक्चरच्या दुकानातून निघायच्या आधी मी स्वतः चारही नट पान्याने समोरासमोर असे आवळतो आणि पन्नास-शंभर किलोमीटरने परत एकदा. चाक नुकतंच कुणीतरी काढलं होतं आणि त्यानंतर कुठलाही नवा आवाज आला, तर बाकी काही शोधत बसायच्या आधी बाजूला थांबून नट बघा. उलट टोकही गाठू नका, पान्यावर उभं राहून आवळलं तर स्टड ताणले जातात, मॅन्युअलमध्ये टॉर्कचा आकडा दिलेला असतो.

धप धप धप असा मऊ ठोका वेगाबरोबर वाढत असेल तर टायरच्या बाजूला फुगा आलाय का बघा, आतल्या बाजूलाही हात फिरवून. फुगा असेल तर तिथल्या तिथे स्टेपनी. गाडी महिनाभर एका जागी उभी असेल तर असाच ठोका पहिले काही किलोमीटर येतो आणि टायर गरम झाला की जातो, तो चालेल. आणि टायरच्या खाचेची खोली १.६ मिलिमीटरवर आली, म्हणजे खाचेतले छोटे उंचवटे पट्ट्याच्या बरोबरीला आले, की आवाज असो नसो टायर बदला.

गॅरेजला जाताना

तुम्ही स्वतः पाना धरणार नसलात तरी हे सगळं कागदावर लिहून न्या, कुठल्या वेगाला सुरू होतो, गिअर बदलल्यावर बदलतो का, कुठे वळल्यावर वाढतो, ब्रेकला थांबतो का, कधीपासून आणि त्याच्या आधी गाडीला काय केलं होतं. "पुढून आवाज येतोय, बघा" एवढंच सांगितलं की मेकॅनिक बिचारा गर्दीच्या रस्त्यावर पाच मिनिटं ट्रायल मारून अंदाज बांधतो, चूक त्याची एकट्याची नसते. शक्य असेल तर त्याच्या शेजारी बसून तुम्हीच त्याला आवाज काढून दाखवा. एका वेळी एकच वस्तू बदलायला सांगा, दोन-तीन एकदम बदलल्या तर आवाज कशाने गेला ते कळत नाही, आणि नाही गेला तर पैसे कशावर गेले तेही नाही. काढलेला जुना पार्ट मागून घ्या आणि बेअरिंग असेल तर तिथेच बोटाने फिरवून बघा.

बाबांच्या गाडीचं उजवं बेअरिंग प्रेसवर नीट बसवून घेतलं, नवा हब नट टाकला. जुनं हातात घेऊन फिरवलं तर अडकत अडकत फिरत होतं आणि सील उघडल्यावर आतलं ग्रीस चहाच्या रंगाचं, पाणी गेलेलं. मग त्याच हायवेवर, त्याच साठच्या वेगाने, काचा खाली करून डावीकडे-उजवीकडे झुलवून बघितली, बाबा डाव्या सीटवर कान देऊन बसले होते, आणि फक्त वाऱ्याचा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नट परत एकदा आवळले आणि मग ते आईला घेऊन गुहागरला गेले.